कूलरच्या खोलीतला कर्णा
कानसेन

गालिचा अंथरलेल्या, खिडक्या लावून घेतलेल्या, जूनमध्येही स्वेटर घालावा लागणाऱ्या खोलीत बसून कोणी इंग्रज स्पीकरबद्दल चार ओळी लिहितो आणि त्या वाचून आपल्या मूर्तिजापूरचा माणूस पैसे काढून ठेवतो, हे या आठवड्यात मला पुन्हा बघावं लागलं. म्हणजे होळीपासून इथे जे लिहीत आलो ते वाऱ्यावर गेलं म्हणायचं. बहुधा कूलरच्याच.

मूर्तिजापूरचे हे गृहस्थ जुने वाचक आहेत. घरी होम थिएटर करायचंय, नवे स्पीकर आवाक्याबाहेर, म्हणून वापरलेल्या दोन जोड्या त्यांनी हेरून ठेवल्या. एक अमरावतीत, रुक्मिणीनगरात: व्हार्फडेल डायमंड ९.१, वीसेक वर्षांपूर्वीचं मॉडेल, गोलाईदार बाजू, लाकडी रंग. दुसरी अकोल्यात, जठारपेठेत: क्लिप्श आर-५१एम, २०१८ साली आलेलं मॉडेल, काळी पेटी, तांबूस कोन आणि वर चौकोनी कर्णा, म्हणजे हॉर्न. दोन्हींचे वूफर पाच इंचांच्या घरातले. भावही जवळपास सारखा. जाणकार मित्रांनी सल्ला दिला की डायमंडच घे, आवाज गोड आहे, कर्णा कानाला टोचतो.

गोड आहे, मी कुठे नाही म्हणतो? १९३२ साली यॉर्कशरमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी व्हार्फडेल सुरू केली तेव्हापासून त्या नावाला चाहते आहेत. पण हा गोडवा मे महिन्यात मूर्तिजापुरात ऐकायचा कसा?

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उन्हापायी कलम १४४ लावलं. असल्या मुलखात कूलर लागला की मृग बरसेपर्यंत बंद होत नाही. आणि घरातली सगळी मंडळी एका खोलीत सिनेमा बघत बसतात तेही याच दिवसांत. शाळांना सुट्या, शेतं रिकामी, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. (एसीवाल्यांनी इथून पुढचं नाही वाचलं तरी चालेल. त्यांना टोचणारे प्रश्न वेगळे.)

आता हिशोब करा. सिनेमागृहात पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलच्या संदर्भ पातळीला लावलेला असतो, वरची उडी १०५ पर्यंत. नेटफ्लिक्स आपल्या निर्मात्यांकडून संवादांची सरासरी पातळी डिजिटल मापावर उणे २७ मागतं. सिनेमागृहाच्या मापाला लावून ती अठ्ठ्याहत्तरच्या आसपास येते. घरात इतक्या मोठ्यानं कोणी ऐकत नाही. पंधरा डेसिबल खाली उतरलं की उरले त्रेसष्ट. आणि आमच्या बैठकीतला लोखंडी कूलर, नव्या ताट्या घातल्यावरसुद्धा, दिवाणावर ठेवलेल्या मोबाइलवर साठाच्या खाली येत नाही. मोबाइलच्या मापावर मी पैज लावणार नाही, पण नायिकेनं कानात सांगितलेलं गुपित पंखा आणि पंपाच्या आवाजात जातं हे कळायला मोबाइल तरी कशाला हवा? शब्द कळतो तो त्यातल्या क, त, स, श अशा व्यंजनांवर. ती साधारण दोन ते आठ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसतात. तिथे स्पीकर लेचापेचा असेल तर घरातला एक जण सारखा विचारत राहतो, "काय म्हनलं त्यानं?"

म्हणून या दोन जोड्यांमध्ये मी गोडवा बघत नाही, एकच आकडा बघतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज? डायमंडचा ८६ डेसिबल, क्लिप्शचा ९३. सात डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला डायमंडला पाचपट वॅट लागणार. कर्णेवाल्यांचे आकडे फुगलेले असतात, खोलीच्या भिंतींची मदत त्यात धरलेली असते, असा आक्षेप येईल. मान्य. तीन डेसिबल कापून टाका. तरी चार उरतात, म्हणजे अडीचपट. वाचकाकडचा रिसीव्हर जुना आहे. पाठीवर शंभर वॅट छापलेत, पण पाचही स्पीकर एकदम ओरडू लागले की त्यातले निम्मे मिळाले तरी नशीब. गच्चीखालच्या खोलीत, आधीच चाळीस अंशांच्या हवेत, त्या बिचाऱ्याला पिळून काढायचं की हलक्या हातानं चालवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कर्ण्याला नाक मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. आपण सगळे कर्ण्यावरच वाढलो. हिंदी सिनेमाच्या धंद्यात 'सीपी-बेरार' नावाचा वितरणाचा इलाखा अजून चालतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मूळ प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, इलाखा राहिला, आणि त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. त्या कचेऱ्यांतून निघालेली रिळं ज्या टॉकीजमध्ये लागत तिथे काय परिस्थिती असे? भिंतीवरचे पंखे घरघरताहेत, पुढच्या रांगेतून शिट्ट्या, मागे रडकी पोरं, आणि त्या सगळ्यावरून खलनायकाचा शब्दन्‌शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचतोय. तो पोचवणारे पडद्यामागचे स्पीकर कर्ण्याचेच. १९४५ साली अमेरिकेत आल्टेक लान्सिंगनं थिएटरसाठी जे प्रसिद्ध स्पीकर काढले त्यांचं नावच 'व्हॉइस ऑफ द थिएटर'. कारण साधं होतं. अॅम्प्लिफायर थोड्या वॅटचे, सभागृह मोठं, आणि लोक गप्प बसत नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सामधल्या होप नावाच्या गावी आपली कंपनी काढली ती हेच तत्त्व घरात आणायला. आजही मल्टिप्लेक्सच्या पडद्यामागे कर्णाच असतो. मग होम 'थिएटर' म्हणताना यातला थिएटरचा भाग नेमका कोणता, रेक्झिनच्या खुर्च्या?

शिवाय आपल्या खोल्या. खाली टाइल, वर स्लॅब, चारी बाजूंना ऑइलपेंट. डायमंडचा घुमटाकार ट्वीटर आवाज चौफेर उधळतो आणि तो टाइलवरून, छतावरून उड्या मारत थोडा उशिरा कानाशी येतो. कर्णा त्यातला बराचसा समोर धरून ठेवतो. ज्यांना डायमंड घ्यायचाच आहे त्यांनी निदान समोर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला गादी टेकवावी. वऱ्हाडात कापूस कमी पडलाय असं अजून ऐकिवात नाही.

आणि आता बेस. मला माहीत आहे, पत्र येणार: "काका, पाच इंचात बेस कुठून येनार?" येणार नाही. दोन्हींत येणार नाही. त्यासाठी नंतर सबवूफर घ्या आणि ऐंशी हर्ट्‌झच्या खालचं काम त्याच्याकडे सोपवा. पण वऱ्हाडात स्पीकर ऐकायला गेलेला माणूस छातीवर हात ठेवून ऐकतो. वरातीपुढच्या डीजेनं आपल्या कानांची जागा बरगड्यांत हलवलीय, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, कोणत्याही मंगल कार्यालयाबाहेर दहा मिनिटं उभं राहून या. आणि छातीनं ऐकणाऱ्यांच्या याच टोळीनं पीएमपीओ नावाचा वॅटचा फुगवलेला आकडा जिवंत ठेवलाय. रिक्षात बसेल एवढ्या डब्यावर 'पाच हजार वॅट' छापलेलं असतं. तेवढी वीज खरोखर ओढली तर मीटरजवळचा फ्यूज आधी उडेल.

असो. जोडी कोणतीही घ्या, आमच्या हवेत वापरलेला स्पीकर वेगळा बघावा लागतो. जाळी काढा. कोनभोवतीची कड रबराची असेल तर बरं. फोमची असेल तर नखानं हलकेच टोचून बघा, दहा-पंधरा उन्हाळे खाल्लेला फोम भाकरीच्या पापुद्र्यासारखा हातात येतो. कोन चारी बोटांनी सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मल्टिमीटर असेल तर आठ ओहमच्या स्पीकरला सहाच्या आसपास आकडा दिसायला हवा, काहीच दिसलं नाही तर कॉइल जळाली. आणि पेटी उलटी करून खालची कड बघा. हे इंग्रजांच्या पुस्तकात सापडायचं नाही. कूलरच्या झोतात किंवा पाणी गळणाऱ्या टाकीशेजारी चार उन्हाळे काढलेली पेटी खालून फुगते, कोपऱ्याचा पापुद्रा सुटतो. विकणारा पेटी पुसून, चकचकीत करून, वरून दाखवेल. "डॉक्टरसाहेबांनी वापरली, एकदम मख्खन" म्हणेल. अमरावतीत विकायला निघालेली प्रत्येक गाडी आणि प्रत्येक स्पीकर डॉक्टरसाहेबांनीच कसे वापरलेले असतात, याचा तपास एकदा करायचाय.

मधल्या स्पीकरचं काय, असाही प्रश्न होता. सिनेमातलं बहुतेक बोलणं तिथूनच येतं, त्यामुळे कुठल्या तरी भलत्याच सेटमधला उरलेला डबा तिथे आणून ठेवू नका. माणूस खोलीच्या डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज मध्येच बदलतो. अकोल्याच्या जोडीला त्याच मालिकेतला आर-५२सी मिळाला तर घ्यावा. नाही मिळाला तर रिसीव्हरमध्ये 'मधला स्पीकर नाही' असं सांगून टाका. मधोमध बसणाऱ्याला फरक कळणार नाही. कडेला बसणाऱ्यांना कळेल, पण मधली जागा घरात कोणाची असते ते आपल्याला ठाऊक आहेच.

जाऊन, बसून, ऐकूनच घ्या. जायला आता सबबही नाही. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशोबानं ७५ किलोमीटर रस्ता जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीजमध्ये गेला. मूर्तिजापूरच्या माणसाला दोन्ही गावं सकाळी निघून जेवायच्या आत उरकता येतात, आणि मागच्या सीटवरचे स्पीकर रस्त्यानं खिळखिळे झाले हे कारणही चालायचं नाही.

एवढं सगळं त्या वाचकाला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तुमचं पटते काका, पन घरी तो काळा डबा आवडला नाही. लाकडी रंगाचे शोकेसमधी शोभतात म्हने." म्हणजे रुक्मिणीनगर. बयाणाही देऊन झाला होता. मी त्याला सतरंजीचं माप सांगितलं आणि कूलर खिडकीबाहेर काढून झडप लावायला सांगितली. खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत आहे, म्हणाला. सध्या तो एसीचे भाव काढतोय. वापरलेल्या.