टायटॅनियम टिकेल, हाडाचे काय?

‘एकदा इम्प्लांट बसवले की आयुष्यभर बघायला नको.’ दातांच्या दवाखान्यात हे वाक्य सर्रास ऐकू येते. मला ते धोक्याचे वाटते.

त्यात तथ्य नाही असे नाही. १९६५ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात डॉ. ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर त्यांचे काम चालू होते. पण धातू टिकला म्हणून सभोवतालचे हाड टिकतेच असे नाही.

पहिल्या वर्षी हाड थोडे उतरते, ते अपेक्षितच असते. पुढे ही झीज वर्षाला ०.२ मिलीमीटरपेक्षा कमी असावी, हा १९८६ साली मांडलेला निकष आहे. झीज वाढत राहिली, हिरडीतून रक्त किंवा पू येऊ लागला, तर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला असे समजावे.

अडचण अशी की हे बहुधा दुखतच नाही. शिवाय तळाशी थोडे हाड शिल्लक असेपर्यंत इम्प्लांट घट्टच राहतो. तो हलू लागतो तेव्हा बहुतेक हाड गेलेले असते. मधल्या काळातली झीज फक्त तपासणीत आणि एक्स-रेतच दिसते.

माझ्या खालाच्या खालच्या जबड्यातले दोन्ही इम्प्लांट सहा वर्षांनी हलू लागले. दवाखान्यातून उत्तर मिळाले, ‘तुमचे हाडच कमजोर.’ या सहा वर्षांत तिला एकदाही तपासणीला बोलावले नव्हते. ती मिश्री लावते का, साखर किती असते, हेही कोणी विचारले नव्हते.

रुग्णाची जबाबदारी मी नाकारत नाही. तंबाखू, अस्वच्छता आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो. हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेल्यांनी तर अधिकच जपायला हवे. पण जे सांगितलेच नाही, त्याचा दोष रुग्णाच्या माथी मारणे हा इन्साफ नव्हे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीच विचारा: हिरड्यांवर आधी उपचार करणार का? दात बसवल्या दिवशीचा एक्स-रे मला मिळेल का? दरवर्षीची तपासणी आणि सफाई यांचा खर्च किती? वॉरंटी कार्ड स्क्रूचे असते, हाडाचे नसते. म्हणून देखभालीचा खर्चही पहिल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला असला पाहिजे.