चवदार तळ्याचा ठराव आणि मुंबईचा किनारा

महाडच्या नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर झाला, पण आमचा माणूस काही तळ्याच्या पायरीवर उतरला नाही. तो उतरला 20 मार्च 1927 ला, बाबासाहेबांच्या मागोमाग. आणि त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांत, 4 ऑगस्ट 1927 रोजी, त्याच नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला! पुढे कोर्टकचेरी होऊन उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडला. आपल्याकडे 20 मार्च पोराटोरांनाही पाठ असतो. 4 ऑगस्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आज मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याबाबत जे चालले आहे ते समजून घ्यायचे तर हा 4 ऑगस्ट लक्षात ठेवावा लागेल.

पाण्याच्या काठावर कोणी उभे राहायचे, हे तेव्हा निदान नगरपालिकेच्या सभागृहात ठरत होते. ठराव करणारे कोण आणि फिरवणारे कोण, हे लोकांना दिसत होते. आज मुंबईत किनाऱ्याची जमीन कोणाला द्यायची, तिथे किती मजले चढवायचे, याचे मोठे निर्णय महापालिकेच्या सभागृहात होतच नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात पहिलाच विषय नागरी नियोजनाचा आणि दुसरा जमिनीच्या वापराचा. त्याच दुरुस्तीने कलम 243-न नुसार अनुसूचित जातींना महापालिकेत राखीव जागा दिल्या. मुंबईत 227 पैकी 15. म्हणजे शहराच्या जमिनीवर बोलायला आमचा माणूस सभागृहात बसणार, असा त्याचा सरळ अर्थ. पण आमचा माणूस खुर्चीवर बसेपर्यंत जमीनच सभागृहाबाहेर नेली गेली होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 40 मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाची सोय आहे. राज्य सरकारने अधिसूचना काढायची आणि एखादा प्रदेश महापालिकेच्या नियोजनातून उचलून दुसऱ्याच्या हाती द्यायचा. या सोयीचा लाभ कोणाला होतो हे वेगळे सांगायला नको.

पूर्व किनाऱ्याचेच पाहा. कुलाब्याहून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची सुमारे 1800 एकर जमीन आहे. ससून डॉक, प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक ही सगळी बांधली गेली एकोणिसाव्या शतकात. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने इथे गोणी वाहिल्या, कोळसा उपसला, रेल्वेचे रूळ टाकले. त्यांच्या वस्त्या गोदामांच्या भिंतींना टेकून उभ्या राहिल्या. गोदीतली कामे आटली, तशी ही जमीन धनदांडग्यांच्या डोळ्यांत भरली. 2018 मध्ये राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच या जमिनीचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. जमिनीचा मालकही तोच आणि नियोजनकारही तोच! सावकारानेच तलाठ्याचे दप्तर सांभाळावे, असला हा प्रकार.

याची किंमत कोण मोजतो ते शिवडीच्या बीडीडी चाळींत जाऊन पाहावे. 1920 साली स्थापन झालेल्या ज्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बॅकबेला समुद्र बुजवण्याची योजना हाती घेतली, त्याच खात्याने कामगारांसाठी 207 चाळी बांधल्या. समुद्र बुजवून निघालेली जमीन श्रीमंतांच्या इमारतींना गेली आणि कामगारांच्या वाट्याला 160 चौरस फुटांची खोली आली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या 195 चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. पण शिवडीच्या 12 चाळी त्या योजनेत आल्याच नाहीत. कारण? जमीन पोर्ट ट्रस्टची! बांधणारे खाते एकच होते, खोलीही तेवढीच आणि राहणाराही तसाच कष्टकरी. खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, एवढ्यासाठी साधारण 960 बिऱ्हाडे मागे राहिली.

चाळीची ही गत, तर झोपडीची काय कथा! केंद्राच्या जमिनीवरच्या झोपडीला पुनर्वसन हवे तर जमीनमालक खात्याची ना-हरकत लागते आणि ती मिळत नाही. नळाचे पाणी मागायला गेले तरी हीच ना-हरकत आडवी आली. 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून अनधिकृत झोपडीलाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. महाडनंतर 87 वर्षांनी पाण्यासाठी पुन्हा उच्च न्यायालयच गाठावे लागले.

किनारा वाचवण्याचे कायदे आहेत, त्यांचेही पाहू. 1991 च्या सागरी किनारा नियमनाने किनाऱ्यालगतच्या बांधकामाला लगाम घातला. समुद्र वाचला पाहिजे, खारफुटी वाचली पाहिजे, यात आमचे दुमत नाही. पाणी वस्तीत घुसते तेव्हा पहिल्यांदा आमचीच चूल विझते. पण लगाम कोणाच्या तोंडात राहिला? किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीला पक्के घर हवे तेव्हा नियम आडवा आला. 2011 मध्ये थोडी वाट मिळाली, तीही शासनाचा 51 टक्के वाटा हवा या अटीवर. मात्र कोस्टल रोडसाठी 30 डिसेंबर 2015 रोजी नियमच दुरुस्त झाला आणि पुढे सुमारे 111 हेक्टर समुद्र बुजवला गेला. वरळीचे कोळी बांधव आपल्या होड्यांना वाट मिळावी म्हणून दोन खांबांतले अंतर 160 मीटर मागत होते. लढून लढून पदरात पडले 120.

7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. त्या काळात सभागृहच नव्हते, मग हरकत कोण घेणार? पण सभागृह असताना तरी आमच्या लोकांनी काय दिवे लावले, हेही एकदा विचारले पाहिजे. राखीव जागेवर निवडून यायचे आणि जमिनीच्या विषयावर पक्षाचा व्हिप निघाला की मुकाट हात वर करायचा, हे किती दिवस चालणार?

चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. इंदू मिलची जागा आम्ही लढून मिळवली. डिसेंबर 2011 मध्ये भीमसैनिक मिलमध्ये शिरले नसते तर चैत्यभूमीशेजारची ती समुद्रकाठची जमीनही एखाद्या बिल्डरच्या घशात गेली असती. भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 ला झाले आणि पुढची दहा वर्षे क्रेनकडे पाहण्यात गेली, तो भाग निराळा. स्मारकासाठी आम्ही हजारोंनी रस्त्यावर येतो. पण पोर्ट ट्रस्टच्या आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळ्यातल्या आमच्या किती विहारांतून, किती मंडळांतून एक तरी अर्ज गेला? हरकतीच्या अर्जाला ना मंच लागतो ना बॅनर. म्हणूनच तो राहून जात असावा.

आमची मागणी साधी आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीची मोजणी होऊन ती आराखड्यात वस्ती म्हणूनच दाखवली जावी. शिवडीच्या 12 चाळींना वरळीचाच न्याय लागू व्हावा. आणि कोणत्याही विशेष प्राधिकरणाचा आराखडा महापालिकेच्या सभागृहात चर्चेला आल्याशिवाय मंजूर होऊ नये. कायद्यात तशी तरतूद नसेल तर ती करून घेण्यासाठी आपल्या मतांवर निवडून आलेल्या आमदारांना जाब विचारावा.

येत्या 20 मार्चला महाडला जाणाऱ्या गाड्या शिवडी-वडाळ्यातूनही सुटतील. त्याआधी प्रत्येक वस्तीतल्या दोघा-तिघा शिकलेल्या पोरांनी नियोजन कार्यालयात जाऊन आपली वस्ती नकाशात कोणत्या नावाने दाखवली आहे, की दाखवलीच नाही, एवढे पाहून यावे. नकाशा दाखवायला नकार मिळाला तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याच्या अर्जाला दहा रुपये लागतात.