टर्बो हाय की!

जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटाला बोनेट उघडायला सांगा, तो आधी तोंड उघडतो. "काका, टर्बो हाय की!" किंमत एवढी का चढली, या प्रश्नाला त्याच्याकडे हे एकच उत्तर असतं आणि बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या पोरांना ते पुरतं. बुद्रुक असो की खुर्द, पोरगा हाताशी चार पैसे आले की 'स्पोर्ट्स कार' शोधायला निघतो. आमच्याकडची स्पोर्ट्स कार म्हणजे पोर्शे नव्हे. आमच्याकडे ती फोक्सवॅगनची जुनी पोलो असते, मागे 'जीटी' लिहिलेली. फारच हौस असेल तर फियाटची अबार्थ पुंटो: १४५ पीएसची, पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, विंचवाच्या चिन्हाची. फियाटने इथलं दुकान केव्हाच आवरलं. आता तिच्या सुट्या भागांसाठी देशभर फोन फिरवत बसा.

म्हणून पोलोचंच बोलू. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या दोन पोलो शेजारी उभ्या करा. पहिली २०१०-११ च्या सुमाराची, १.६ लिटरची, टर्बो नाही, पाच गिअर आपल्या हाताने टाकायचे. दुसरी २०१३ पासूनची जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो, सात गिअरची डीएसजी ऑटोमॅटिक. पहिलीची ताकद १०५ पीएस. दुसरीचीही १०५ पीएस! हे आकडे सांगितले की समोरचा माझ्याकडे वेड्यासारखा बघतो. फरक टॉर्कमध्ये आहे. १.६ चा १५३ न्यूटन-मीटर आणि तोही ३,८०० आरपीएमला. टर्बोचा १७५, आणि तो १,५०० पासूनच हजर. एजंट ज्याला 'पिकअप' म्हणतो तो हाच.

मग १.६ गेली कुठे? तिला सरकारी फूटपट्टीने मारलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्काची सवलत मिळाली, पण अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. पोलो लांबीत बसत होती, १.६ इंजिन बसत नव्हतं. १,१९७ सीसीचं टर्बो इंजिन मात्र पट्टी लावून कापल्यासारखं बसलं. युरोपात ही छोटी टर्बो इंजिनं धुराच्या नियमांमुळे आली. आपल्याकडे त्यांचं बस्तान कराने बसवलं. तुम्ही ज्याला शर्यतीचं रक्त समजून छाती फुगवता, त्यात निम्मा वाटा करसल्लागाराचा आहे.

टर्बोच्या बाजूने जे खरं आहे ते मी नाकारत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. इथे हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची सात-आठ टक्के ताकद नुसती उंचीच खाते. टर्बो हवा दाबून भरतो, त्याला हा तोटा फारसा जाणवत नाही. वंटमुरी घाटात उसाचा ट्रक पुढे असेल, किंवा चोर्ल्यातून गोव्याला जाताना वळणाआधी थोडीशीच मोकळी जागा मिळाली असेल, तर टर्बो गाडी तुम्हाला लवकर बाहेर काढते. नवी कोरी गाडी घेणाऱ्याने टर्बो घ्यावी, आनंदाने घ्यावी.

पण तुम्ही जुनी घेताय. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तरंगतो तो तेलाच्या पातळ थरावर. एका बाजूला नऊशे अंशांच्या घरातला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची गार हवा. आधीच्या मालकाने तवंदी घाट दामटून चढवला, हॉटेलसमोर गाडी लावली आणि इंजिन लगेच बंद करून भजी खायला गेला, तर आत अडकलेलं तेल तिथेच करपतं. वर्षानुवर्षं हेच झालं आणि तेलही स्वस्तातलं, तेही उशिरा बदललेलं, की शाफ्टला खेळ येतो. मग सकाळी गाडी चालू करताना निळा धूर. साध्या इंजिनाचा मालक आळशी असला तरी इंजिन बरंच सोसतं. टर्बो सोसत नाही. जुनी टर्बो गाडी घेणारा आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो, आणि सवयी आरसी बुकात लिहिलेल्या नसतात.

मालकाच्या आळसाचा हा रोग आजचा नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली, टर्बो बसवून विकलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी एक. तिच्या इंजिनाला पाणी आणि मिथेनॉल यांचं खास मिश्रण पाजावं लागे. टाकी रिकामी झाली की भरायची, बस एवढंच काम. लोकांनी तेही केलं नाही. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली.

आता एजंट म्हणेल, "डॉक्टरची गाडी हाय, सिंगल हँड." बेळगावात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या जातात, तेवढे डॉक्टर खरोखर असते तर प्रत्येक गल्लीत एक इस्पितळ उभं राहिलं असतं. मीटर मागे फिरवायला वेळ लागत नाही. आणि जीटीमध्ये प्रश्न एकट्या टर्बोचा नाही. त्या वर्षांत तिच्यासोबत कोरड्या क्लचचा डीएसजी गळ्यात पडतोच. या जातीच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलण्यासाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्याचा गिअर बदलणारा मेकॅट्रॉनिक भाग गेला तर बिल लाखाच्या भाषेत बोलतं.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही पोरं अडाणी असती तर मी गप्प बसलो असतो. यांतली कितीतरी उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसीवर उभी राहतात, क्रँकशाफ्टच्या जर्नलला मायक्रॉनचा हिशेब लावतात, माप जरा चुकलं तर अख्खा लॉट परत पाठवतात. तोच पोरगा संध्याकाळी गाडी बघायला जातो आणि टर्बोचा पाइप काढून शाफ्टला बोट लावत नाही, इंटरकूलरच्या नळीत तेल साचलंय का बघत नाही, तेलाच्या झाकणाखाली काळा चिकटा आहे का तेही बघत नाही. बघतो काय, तर मागची 'जीटी' आणि पुढची 'एमएच-०९'.

हो, पासिंगचंही एक खूळ आहे. कोल्हापूरची प्लेट लावून फिरलं की सीमाप्रश्न निदान आपल्यापुरता सुटला, असं काहींना वाटतं. कायदा भावनेला विचारत नाही. बारा महिन्यांहून जास्त गाडी इथे ठेवली की केए-२२ ची नोंदणी आणि कर्नाटकाचा लाइफ टॅक्स आलाच. सौदा करताना ती रक्कम कोण धरतो?

१.६ चं वय झालंय, हे मला कुणी सांगायला नको. पंधरा वर्षं भरली की फिटनेस, पाच हजारांची फेरनोंदणी फी, वर हरित कर. गंज लागलेली, अपघातात वाकलेली गाडीही तुमच्या माथी मारली जाईल. पण तिचं इंजिन गावातला चांगला मेस्त्री उघडू शकतो आणि परत जोडूही शकतो. टर्बोच हवा असेल तर तेलबदलाची बिलं मागा, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली, तेलाचा दर्जा नमूद असलेली. बिलं नाहीत म्हणाला तर वाद घालू नका, १.६ बघायला चला. एजंटाला चहाला पाठवा आणि बोनेट मेस्त्रीला उघडू द्या.