गुडघे जातील म्हणे!



गेल्या रविवारी दर्शन करून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. पायात पळण्याचे बूट घालताना एका काकूंनी पाहिलं आणि चार जणींच्या देखत म्हणाल्या, "अगं, साठी आली तुझी. आता काय पळतेस? गुडघे जातील!" बाकीच्या हसल्या. मीही हसले, कारण मंदिराच्या दारात वाद घालायचा नसतो. पण घरी येऊन कुकर लावला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज वाद घालते.

आधी एक प्रश्न. त्या चौघींपैकी तिघी शिखरजीला जाऊन आल्या आहेत. नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटर वंदना, पुन्हा नऊ किलोमीटर उतार, अशी सत्तावीस किलोमीटरची वाट. रात्री दोन-तीनला मधुबनातून निघायचं, हातात काठी आणि बॅटरी. कित्येक जणी अनवाणी आणि पोटात काही न घालता चालतात. त्या वेळी कुणी म्हणत नाही की या वयात कशाला. उलट परतल्यावर हार घालतो आपण. म्हणजे वयाला सत्तावीस किलोमीटर डोंगर चालतो. फक्त त्यासाठी वर्षभर तयारी केलेली चालत नाही!

मी सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा चौपन्न वर्षांची होते. तयारी शून्य. श्रद्धेने चढले. पार्श्वनाथ टोंकेपर्यंत पोचले, डोळे भरून दर्शन घेतलं, आणि उतरायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गुडघे थरथरू लागले. शेवटी डोली केली. दोघे जण मला खांद्यावर घेऊन उतरत होते. पुढचा माणूस माझ्याच वयाचा असेल, कदाचित मोठाही. प्रत्येक वळणावर त्याच्या तोंडून बारीक "हं" असा आवाज यायचा. माझे गुडघे वाचावेत म्हणून मी त्याचे गुडघे वापरत होते. ती त्याची रोजी आहे, हे खरं. ज्यांना खरोखर शक्य नाही त्यांनी डोली जरूर करावी. पण मला शक्य होतं, आणि मी पंधरा वर्षं "गुडघे सांभाळ" ऐकत सोफ्यावर बसून ते अशक्य करून ठेवलं होतं. खाली उतरून त्याला पैसे दिले, तेव्हा त्याच्याकडे बघवेना.

आता गुडघ्यांचंच बोलू. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि सांध्यावर भार पडला, सुटला, पुन्हा पडला की तो द्रव आत-बाहेर होतो. हालचाल थांबली की तिचं जेवणच थांबतं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. गुडघा किंवा खुबा झिजल्याचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांमध्ये साडेतीन टक्के, बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या थोडं वर, आणि स्पर्धात्मक, व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या वर निघालं. शेवटचा आकडा मी मुद्दाम लपवत नाही. अति केलं तर झिजतं. पण काकू, मी ऑलिंपिकला निघालेली नाही. मी आमराईला चार चकरा मारते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांचा आणि न धावणाऱ्यांचा पाठपुरावा केला. एकोणीस वर्षांनी धावणाऱ्यांपैकी पंधरा टक्के वारले होते, न धावणाऱ्यांपैकी चौतीस टक्के. जे धावतात ते मुळातच थोडे धडधाकट असतील, हे मान्य. पण धावून लोक लुळेपांगळे होतात म्हणावं तर निघालं उलटंच. स्वतःची कामं स्वतः करण्याची ताकद धावणाऱ्यांमध्ये कितीतरी वर्षं जास्त टिकली.

आणि ही "काळजी" बायकांच्या वाट्याला नेहमी जरा जास्तच येते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या. त्यांना ते झेपत नाही अशी ओरड झाली आणि १९६० पर्यंत ती शर्यत बायकांसाठी बंद राहिली. मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये बायकांना १९८४ साली मिळाली. सगळं काळजीपोटी बरं का! दुसरीकडे आपल्या बारामतीच्या लता करे पाहा. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यतीत धावल्या. ते धावणं दुसऱ्यासाठी होतं. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण डोळे पुसत पाहिला. बाई घरासाठी धावली तर सती-सावित्री, स्वतःच्या हाडांसाठी धावली तर "हिला काय सुचतंय!"

हाडांची गोष्ट मला कळली ती आईकडून. एकोणसत्तराव्या वर्षी ती मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि पुढची तीन वर्षं अंथरुणात गेली. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने विरळ होतात, साठीनंतर स्नायू वेगाने आटतात, तोल जायला लागतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, जपून राहा. ती इतकी जपून राहिली की घसरलेला पाय सावरायला मांडीत ताकदच उरली नव्हती.

"देह नश्वर आहे, त्याचे एवढे लाड कशाला?" असंही मला ऐकवलं जातं, आणि हे ऐकवणारी माणसं आदराची आहेत. त्यांना नम्रपणे सांगते, देहाचे सर्वांत जास्त लाड मी आईच्या त्या तीन वर्षांत पाहिले. घरातली चार माणसं दिवसरात्र एका देहाभोवती फिरत होती. कूस बदला, चादर बदला, गोळी द्या. स्वाध्याय सुटला, मंदिर सुटलं, तिचंही आणि आमचंही. दिवसाचा पाऊण तास दिला तर देह उरलेला दिवस आपल्याला मोकळं सोडतो. हा हिशेब मला तरी परिग्रहाचा वाटत नाही.

आता मी काय केलं ते सांगते, कारण नुसतं भांडून उपयोग नाही. आधी डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब, हृदयाची तपासणी, डी आणि बी-१२ पाहिलं. आपल्या शाकाहारात बी-१२ कमी पडतं, माझंही होतं. मग पहिले दोन महिने एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, एवढंच. आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. वेग ओळखायची खूण माझी मी शोधली. पळता पळता पूर्ण णमोकार मंत्र न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर. मध्ये धाप लागली तर कमी करा. आजही माझं बहुतेक पळणं याच वेगाने होतं.

चूकही केली. मुलाने फोनवर एक वेळापत्रक काढून दिलं, ते तिशीतल्या माणसाचं होतं. लागोपाठ दोन दिवस जोरात पळले आणि टाच धरली. सहा आठवडे नुसती चालत होते. साठीत ताकद वाढते, पण शरीराला भरून यायला वेळ लागतो. म्हणून आता एका जोराच्या दिवसानंतर दोन हलके दिवस. तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम, जे पळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून जिना चढणं. डाळ शिजेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभं राहणं हे तर कुणीही करू शकतं.

वर्षभराने डांबरी रस्ता सोडून दंडोबाच्या डोंगरावर जायला लागले. डोंगरातलं पळणं वेगळं. चढ सगळा पळायचा नसतो. अनुभवी माणसंही तो गुडघ्यावर हात ठेवून चालतच चढतात. खरी परीक्षा उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, शिखरजीला माझे पाय गेले ते यामुळेच. पावलं आखूड टाकायची, मागे रेलायचं नाही, घसाऱ्यावर घाई करायची नाही, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवायची. हे शिकताना मला हसू आलं. चार हात जमीन पाहून पाऊल टाकावं हे ईर्यासमितीत आपण लहानपणी पाठशाळेत शिकलोच होतो! पावसाळ्यात मात्र वाट किड्यामुंग्यांनी, गोगलगाईंनी भरते, शेवाळही असतं. चातुर्मासात मी डोंगरावर जात नाही, जिना आणि रस्ता यावर भागवते.

खाण्याचं बऱ्याच जणी विचारतात. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होतं आणि सकाळी सूर्योदयाआधी तोंडात काही जात नाही. म्हणून लांबची पळापळ मी रविवारी उजाडल्यावर, दोन खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू खाऊन करते. उन्हाळ्यात ऊन लवकर चढतं, तेव्हा अंतर सरळ कमी करते. बरोबर उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू. पाणीही तहानेपुरतंच प्यायचं, भरमसाट प्यालं तर रक्तातलं मीठ उतरतं. बाजारात जेलची पाकिटं मिळतात, त्यांतल्या काहींत मध असतो, वाचून घ्या. उपवास किंवा एकाशन असेल त्या दिवशी पळायचं नाही. व्रत आणि डोंगर दोन्ही एका दिवशी ओढण्यात कसलाही पराक्रम नाही.

काकूंचं एक म्हणणं मात्र खरं आहे. ज्यांचा सांधा आधीच फार झिजलाय, छातीत दुखतं, चक्कर येते, त्यांनी पळू नये. चालावं, पाण्यात व्यायाम करावा, डॉक्टर सांगतील ते करावं. आणि मैत्रिणीने पदक आणलं म्हणून तीन महिन्यांत एकवीस किलोमीटरला नाव देणाऱ्या जणींना मीही थांबवते. साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन चांगलीच आहे, पण यवतेश्वरचा चढ हौसेने चढवत नाही, मांड्या चढवतात. २०१५ साली अमेरिकेत सत्तर वर्षांच्या गुनहिल्ड स्वॉन्सन बाईंनी डोंगरातली शंभर मैलांची शर्यत पूर्ण केली. मुदत तीस तासांची, सहा सेकंद शिल्लक होते. पण त्यामागे कित्येक वर्षांचं पळणं होतं. सहा सेकंदांची बातमी होते. त्या वर्षांची होत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा शिखरजीला गेले. वंदना करून स्वतःच्या पायांनी उतरले, सावकाश, दोनदा बसून. एका अंगठ्याचं नख काळं पडलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखत होत्या, गुडघे नाही. मधुबनात डोलीवाल्यांच्या घोळक्यात मी तो माणूस शोधत होते. दिसला नाही.

तेव्हा काकू, पुढच्या वेळी माझ्या वयाची कुणी बूट घालताना दिसली तर तिचे गुडघे तिच्यावर सोपवा. फार काळजी वाटत असेल तर सकाळी तिच्या घरी जाऊन चहा-नाश्त्याचं बघा. बायकांचं पळणं गुडघ्यांमुळे थांबत नाही, त्या एका तासात गॅसपाशी कोण उभं राहणार, यामुळे थांबतं. आमच्या घरी आता हे उभे राहतात. पोहे थोडे कोरडे होतात, पण होतात.

जय जिनेंद्र.