इंदूरची स्वच्छता आणि मुखाचा कर्करोग

देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदूरने २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे पटकावला. होळकरांच्या या नगरीशी मराठी माणसाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असल्याने या यशाचा आम्हांलाही अभिमान वाटतो. परंतु याच शहरातून मुंबईस येणाऱ्या गाड्यांमध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरलेले, गालाला रुमाल लावून बसलेले रुग्णही असतात. रस्ता स्वच्छ झाला. तोंडातील तंबाखूचे काय, हा प्रश्न उरतोच.

१ एप्रिल २०१२ रोजी गुटख्यावर बंदी घालून मध्य प्रदेशाने देशात पहिले पाऊल टाकले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तेच केले. पुढे पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, अशी जोडविक्री सुरू झाली आणि कायद्यातील जीवच निघून गेला. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण त्या एका वर्षात भारतात आढळले आणि सुमारे ८० हजार दगावले.

या रोगाचे अंतरंग विज्ञानाने आता बरेच उकलले आहे. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारा घटक शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन स्वीकारते आणि तो साखळीने पेशीकेंद्रापर्यंत पोचतो. डोके व मानेच्या बहुसंख्य कर्करोगांत ही ग्राही प्रथिने प्रमाणाबाहेर वाढलेली असतात. ती जितकी अधिक, तितके रुग्णाचे भवितव्य सामान्यतः बिकट. दुसरीकडे, कर्कपेशी शरीराच्या रक्षक पेशींना ‘थांबा’ असा खोटा इशारा देऊन आपला बचाव करतात.

‘गरीब देशाला हे सूक्ष्म शास्त्र काय कामाचे?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना टाटा स्मारक रुग्णालयानेच उत्तर दिले आहे. रोग हाताबाहेर गेलेल्या १५१ रुग्णांवरील तेथील प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. वाढीचा निरोप अडविणारे एर्लोटिनिब आणि त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब, अशा तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या सर्वांनाच देण्यात आल्या. निम्म्या रुग्णांना त्याशिवाय खोटा इशारा निष्प्रभ करणारे निवोलुमॅब मिळाले, तेही दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर शेकडा १६ जगले. निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी शेकडा ४३. महागडे शास्त्र गरिबाच्या दारी आणता येते, ते असे.

अर्थात, शंभरांतील ४३ हा आकडा दिलासा देणारा असला तरी उरलेल्या ५७ जणांचा विसर पडता कामा नये. रोग उशिरा कळला की औषधाचा हात तोकडाच पडतो. आरोग्यसेवकाने केवळ डोळ्यांनी तोंड तपासले तरी तंबाखू-मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे तृतीयांशाने घटतात, हे केरळातील प्रयोगाने २००५ मध्येच दाखवून दिले होते. त्याला यंत्र लागत नाही. लागतो तो विजेरीचा प्रकाश आणि प्रशिक्षित नजर.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही अल्पमात्रेची उपचारपद्धती गरजू रुग्णाला विनामूल्य मिळावी. त्याला परळच्या पदपथावर पथारी पसरावी लागू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड तपासले जावे आणि जोडपुड्यांची पळवाट दोन्ही राज्यांनी बुजवावी. कचरा वेगळा करण्याची शिस्त ज्या शहराने घरोघरी रुजविली, त्याला हे अवघड नाही. पेशीचा निरोप शास्त्रज्ञांनी वाचला आहे. रुग्णाचा निरोप शासनाने वाचावयाचा आहे.