तीनचाकीला गिअर का नसतो?

जुम्म्याची नमाज संपली की आमच्या मशिदीच्या दाराशी गर्दी होते. त्या गर्दीतून मामू आपली तीनचाकी हळूहळू बाहेर काढतात. लहानपणी पोलिओ झाला. आज त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. मागच्या रमजानमध्ये बाहेरगावच्या एका पाहुण्याने त्यांच्या मांडीवर दहाची नोट ठेवली. मामूंनी ती उचलून मशिदीच्या पेटीत टाकली. बोलले काहीच नाहीत. पुढे दुकानाकडे जाताना एक चढ लागतो, तिथे मात्र ते थांबले. कुणीतरी पोरगा येऊन ढकलेपर्यंत थांबूनच राहिले. "चढावपर किसीको तो बुलानाच पडता," एवढंच म्हणाले.

त्या नोटेचा मला राग आला होता. पण त्या चढाबद्दल मी तेव्हापासून जास्त विचार करतोय. कारण मामूंच्या हातात जोर भरपूर आहे. त्यांना तिथे अडवते ती तीनचाकीची चेन.

आपल्याकडच्या बऱ्याच तीनचाकींत पुढच्या खांबावर हाताने फिरवायचं पायडल असतं आणि तिथून चेन खाली पुढच्या चाकाला जाते. वर एक चकती, खाली एक. म्हणजे एकच गिअर, सपाट रस्त्यासाठी ठरवलेला. पायाने सायकल चालवणारा माणूस चढावर उभा राहून अंगाचं वजन पायडलवर टाकतो, नाहीतर सरळ उतरून चालू लागतो. मामूंना यातलं काहीच करता येत नाही. आमच्या गल्लीतली शाळकरी पोरं एकवीस गिअरच्या सायकली मिरवतात, आणि ज्याला गिअरची खरी गरज आहे त्याच्याकडे एकच. हे उलटं आहे असं कुणाला वाटतच नाही, कारण सायकल म्हणजे काय हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

ते कसं बसलं, याची एक गोष्ट फ्रान्समध्ये घडली. शार्ल मोशे नावाच्या कारागिराने आपल्या मुलासाठी पायडलवर चालणारी छोटी मोटार बनवली. तिच्यातून मोठ्यांसाठी दोघांनी शेजारी बसून चालवायची चारचाकी आली, 'वेलोकार'. मग त्याने दोनच चाकांची, मागे रेलून चालवायची सायकल बनवली. अशा सायकलीला रिकंबंट म्हणतात. पाय पुढे, पाठीला टेकू, आणि अंग खाली असल्याने वाऱ्याचा अडथळा कमी. 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर याने त्या सायकलीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा 1914 पासूनचा 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला. फॉर काही पहिल्या फळीतला शर्यतपटू नव्हता. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघात वाद झाला आणि 1934 मध्ये सायकलीची नवी व्याख्या आली. पायडल बैठकीपासून किती लांब असावं, जमिनीपासून किती उंच असावं, हे ठरलं. मोशेची सायकल त्या व्याख्येत बसेना, विक्रमही त्या यादीतून गेला. त्याच वर्षी मोशे वारला.

हा नियम शर्यतींपुरताच होता, रस्त्यावर कुणाला मनाई नव्हती. पण कारखाने शर्यतीकडे बघून सायकली बनवतात आणि गिऱ्हाईक त्याच घेतं. माझ्या मते या व्याख्येने शर्यतीचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान सरळ बसू न शकणाऱ्या, एका पायाने अधू किंवा न दिसणाऱ्या माणसांचं झालं.

न दिसणाऱ्यांचं उदाहरण घ्या. पॅरालिम्पिकमध्ये ते टँडेम चालवतात. पुढे डोळस, मागे अंध, आणि दोघांची पायडलं एका चेनने जखडलेली. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचे थांबलेच. शर्यतीत तालमीने हे जमतं. पण ज्याचा गुडघा दुखतो, ज्याला मध्येच दम लागतो, त्याचं काय? जर्मनीतल्या हासे कंपनीच्या 'पिनो' या टँडेममध्ये याचं उत्तर आहे. पुढचा माणूस रेलून बसतो, मागचा उंच बसून हँडल सांभाळतो, आणि पुढच्या पायडलला स्वतःचं फ्रीव्हील आहे. पुढच्याने पाय थांबवले तरी सायकल चालू राहते, वाटलं की तो पुन्हा मारू लागतो. न दिसणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कुणाची पाठ नसते, वारा थेट त्याच्या अंगावर येतो. एवढ्याशा फ्रीव्हीलने तो ओझंही राहत नाही आणि बांधलेलाही राहत नाही.

मामूंसाठी मात्र मला रिकंबंटवाल्यांची एक युक्ती जास्त उपयोगी वाटते. रेलून बसल्यावर पायडल मागच्या चाकापासून फार लांब जातं. एकच चेन टाकली तर ती नेहमीच्या दोन-अडीच पट लांब होते, आणि तिला वळवायला कप्प्या लावाव्या लागतात. ताणाच्या बाजूची प्रत्येक कप्पी थोडी ताकद खाते. म्हणून काही हौशी कारागीर गिअरचं हबच मध्ये बसवतात. पायडलपासून हबपर्यंत एक चेन, हबपासून चाकापर्यंत दुसरी. हब चाकात असलंच पाहिजे असं कुठे आहे? तीनचाकीच्या पुढच्या अरुंद चिमट्यात गिअरचं हब सहज मावत नाही, पण खांबावर मधोमध त्याला जागा करता येते. स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब शंभर वर्षांपूर्वीपासून चालत आलंय. त्याच्या हलक्या गिअरमध्ये तेवढ्याच जोरात चाकाला एक-तृतीयांश ताकद जास्त मिळते. हात जास्त वेळा फिरवावे लागतील, वेग कमी होईल. चालेल.

आपण रमजानमध्ये जकात-खैरातीच्या पैशातून तीनचाकी वाटतो, फोटो काढतो. वाटू नका असं मी म्हणत नाही. पण वाटण्याआधी त्या माणसाचा रस्ता बघा. त्याच्या दारापुढे चढ आहे का, त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा कमजोर आहे का, हे विचारा. दहा तीनचाकी देण्याऐवजी सात द्या आणि उरलेले पैसे मिस्त्रीला द्या. 'पंक्चरवाले' म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांनी चाकाचा आऊट काढून बघावा एकदा. हे काम करू शकणारे हात आपल्या मोहल्ल्यातच आहेत.

मी आमच्या मिस्त्रीला कागदावर हे सगळं काढून दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. मामूंचं वजन मागे असतं, म्हणून चढावर पुढचं चाक जागीच घसरेल, बैठक थोडी पुढे घ्यावी लागेल. आणि गिअरच्या आधी मागच्या चाकांना अडकवून ठेवता येणारा ब्रेक हवा, नाहीतर दम घ्यायला थांबले की गाडी मागे जाईल. हब जुन्या बाजारात मिळतं का, ते तो बघतोय. ब्रेकचं काम येत्या जुम्म्याच्या आत करतो म्हणालाय.