कार्टून शर्टवर नको, शर्टात हवं



ऑफिसला जाणाऱ्या महिलांसाठी लहानपणच्या कार्टूनवरून शर्ट काढायचे, ही कल्पना घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. कल्पना चांगली आहे. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ साली आलं. तेव्हा शाळेतून येऊन दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणाऱ्या मुली आज पस्तिशीच्या पुढे आहेत, नोकरी करतात, स्वतःच्या पैशाने कपडे घेतात. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

पण सॅम्पल बघितलं की माझा चेहरा पडतो. छातीवर मोठं चित्र, खाली नाव. अहो, हा टी-शर्ट झाला! बँकेत काउंटरवर बसणारी बाई हा घालून जाईल का? सोमवारच्या मीटिंगला?

माझं मत स्पष्ट आहे. चेहरा छापायचाच नाही, रंग उचलायचे. स्कूबी-डू मधली डॅफ्नी आठवा. जांभळा ड्रेस आणि गळ्यात हिरवा स्कार्फ. आता साधा जांभळा पॉपलिनचा शर्ट घ्या आणि कॉलरच्या आतल्या बाजूला, कफ दुमडल्यावर दिसेल अशी हिरवी पट्टी लावा. बॉसला तो फक्त नीटनेटका शर्ट दिसेल. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मात्र ओळखेल. ते ओळखणं हाच तुमचा माल आहे, कापड तर सगळ्यांकडेच आहे. पॉवरपफ गर्ल्सचे गुलाबी, निळा, हिरवा हे तीन रंग आणि कमरेची काळी पट्टी, एवढ्यावर अख्खी रेंज निघते. मैत्रिणी तिघी मिळून घेतील, बघा.

दुसरं कारण कायद्याचं. "थोडा बदल केला की चालतं, दहा टक्के वेगळं पाहिजे फक्त" हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान विसरा, असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे धंद्यासाठी जाणूनबुजून नक्कल केली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पात्राचं नाव ट्रेडमार्क असेल तर ते प्रकरण वेगळंच. म्हणून ऑनलाइन विकताना शीर्षकात किंवा हॅशटॅगमध्येही ते नाव टाकू नका. निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. रंगांचा मूड घेणं आणि चित्र उचलणं यात फरक आहे तो इथे. तरी मोठी ऑर्डर टाकण्याआधी वकिलाला डिझाइन दाखवा, फी वाचवू नका.

आता "फेमिनिन" या शब्दाबद्दल. बऱ्याच जणांना त्याचा अर्थ फ्रिल आणि गुलाबी एवढाच वाटतो. मला विचाराल तर पुरुषांचा शर्ट छोटा करून विकणं बंद करणं म्हणजे फेमिनिन! छातीपाशी दोन बटणांच्या मध्ये फट पडते, ही नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईची तक्रार. बाई दिवसभर सेफ्टी पिन लावून फिरते. तिथे आतून एक टिचबटण लावा, टक्स नीट घ्या किंवा प्रिन्सेस कट द्या. मागची लांबी एवढी ठेवा की खुर्चीत वाकलं तरी शर्ट पँटमधून सुटणार नाही. खिसा खरा द्या, नुसती शिलाई नको. टिचबटणाचा खर्च किती? काही रुपये. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते यासाठी, कार्टूनसाठी पहिल्यांदा येतं.

हिरवी पट्टी जांभळ्यावर रंग सोडते का, हे तपासायला शिवण्याआधी दोन्ही कापडं एकत्र धुवा. मग एकाच डिझाइनचे तीन साइजमध्ये सॅम्पल शिवा आणि ओळखीच्या तीन नोकरदार बायकांना आठवडाभर घालायला द्या. संध्याकाळी त्यांना "आवडला का" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. "आज कुठे ओढावा लागला" ते विचारा आणि उत्तर टेलरसमोर लिहून घ्या.